कपॅसिटर दीड व्होल्टच्या वर चार्जच होत नाही, कुठे चुकतंय?

ऐरोलीची आई:
लेक बारावीला आहे, तिच्या प्रोजेक्टसाठी विचारतेय. ९ व्होल्टची बॅटरी, १ मेगाओहमचा रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकामागोमाग जोडलेत. दोघांचा गुणाकार १० सेकंद. म्हणजे दहाव्या सेकंदाला ६३ टक्के, ५.७ व्होल्ट यायला हवेत आणि पन्नासाव्याला जवळजवळ ९. आमचा काटा सात-आठ सेकंदांत दीडवर येतो आणि तिथेच बसतो. ठाणे स्टेशनजवळून तीन कपॅसिटर आणून झाले. बॅटरी नवी आहे. मीटर माझ्या वडिलांचा, काट्याचा, १० व्होल्टच्या रेंजवर. काल रात्री लेक वहीत सरळ ५.७ लिहायला निघाली होती, मी हात धरला.

महापे मेंटेनन्स:
ताई, हात धरलात ते फार बरं केलंत. तुमचा कपॅसिटर चांगला आहे आणि दीड हे रीडिंगही खरं आहे. मीटरच्या तबकडीवर कोपऱ्यात बारीक अक्षरांत बघा, बहुतेक २० किलोओहम प्रति व्होल्ट छापलेलं असेल. १० व्होल्टच्या रेंजला तो मीटर म्हणजे २०० किलोओहमचा रेझिस्टरच झाला, आणि तो तुम्ही कपॅसिटरला समांतर लावलाय. बादलीला भोक असलं की पाणी एका पातळीवर थांबतं, तसंच. दीड व्होल्टला रेझिस्टरमधून ७.५ मायक्रोअँपिअर आत येतो आणि मीटरमधून तेवढाच बाहेर जातो. मग चढणार कुठून?

मेगाओहमचा (तपकिरी-काळा-हिरवा) काढा, १० किलोओहमचा (तपकिरी-काळा-नारिंगी) घाला, कपॅसिटर १००० मायक्रोफॅरडचा. वेळ तीच, १० सेकंद, पण आता मीटरची गळती किरकोळ. शेवटी ८.५च्या आसपास थांबेल.

पण जुनं सर्किट मोडण्याआधी एक करून बघा. मीटर न लावता मिनिटभर चार्ज होऊ द्या, मग मीटरच्या वायरी टेकवा. काट्यावरून नजर हलवू नका.

कळव्याचा मास्तर:
वरचं सगळं बरोबर. फक्त दर वेळी बॅटरी सोडवून कपॅसिटर त्या १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून मिनिटभर रिकामा करायला सांगा, नाहीतर पुढचं रीडिंग शून्यापासून सुरू होत नाही. आणि कपॅसिटरचा मायनसचा पट्टा बॅटरीच्या मायनसकडेच हवा. छापलेल्या आकड्यात २० टक्के इकडेतिकडे असतं, तेव्हा सेकंद तंतोतंत जुळले नाहीत तरी घाबरू नका.

ऐरोलीची आई:
काका, तबकडीवर तेच छापलंय! वडिलांनी इतकी वर्षं वापरला, मी कधी वाचलंच नव्हतं. वायरी टेकवल्यावर काटा एकदम वर उडाला आणि डोळ्यांदेखत घसरत दीडवर येऊन बसला. लेकीनं ते पाच वेळा करून बघितलं. नव्या जोडणीत दहाव्या सेकंदाला ५.१, शेवटी ८.५. वहीत आता दोन्ही सर्किट आहेत, दीडवालं आधी.