४२ इंची ओएलईडी टीव्ही मॉनिटर म्हणून: अक्षरं फिसकटतात, पडदा मंदावतो

टेबलखुर्ची
टीव्ही एलजीचा, वेबओएसवाला, ४२ इंची. ग्राफिक्स कार्ड एन्व्हिडियाचं आरटीएक्स ३०६०, विंडोज ११. दिवसा एक्सेल आणि कोड, रात्री गेम. १२० हर्ट्झ लावलं की बारीक अक्षरं, त्यातही लाल-निळी, फिसकटलेली दिसतात. ६० वर सुधारतात, पण कडांना किंचित रंगीत झाक उरतेच. शिवाय एक्सेल उघडं ठेवलं की दोन-तीन मिनिटांत पडदा हळूहळू मंद होतो. एचडीएमआय केबल घरात पडलेली, जुनीच. टेबल ६० सेंमी खोल. बर्न-इनसाठी, म्हणजे पडद्यावर चित्राचा कायमचा डाग पडू नये म्हणून, काय काळजी घ्यावी?

तारजोडणी
अक्षरांच्या तक्रारी दोन आहेत, त्या वेगळ्या करा.

फिसकटणं केबलमुळे असावं. ४के, १२० हर्ट्झ, ८ बिट आरजीबी (प्रत्येक पिक्सेलचा लाल, हिरवा, निळा पूर्ण) म्हणजे नुसत्या चित्रालाच सेकंदाला २३.९ गिगाबिट लागतात. जुनी केबल एचडीएमआय २.० ची असेल, तर तिच्या १८ पैकी प्रत्यक्ष चित्राला मिळतात १४.४. मग कार्ड गुपचूप ४:२:० वर उतरतं, म्हणजे चार पिक्सेलना मिळून एकच रंग. सिनेमात कळत नाही, काळ्यावरच्या लाल अक्षरात लगेच कळतं. सेटिंग्ज > सिस्टीम > डिस्प्ले > अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे रंगाचं स्वरूप वाचा. ‘वायसीबीसीआर ४२०’ असेल तर हेच कारण. ‘अल्ट्रा हाय स्पीड’ लेबलवाली, ४८ गिगाबिटची केबल घ्या, दोन मीटरपर्यंतचीच. ‘८के’ छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका, पाकिटावर स्कॅन करायचा क्यूआर कोड आहे का ते बघा. कार्ड एचडीएमआय २.१ चं आहे, ते बदलायची गरज नाही.

टीव्हीत त्या पोर्टचं ‘एचडीएमआय डीप कलर’ ४के वर ठेवा आणि होम डॅशबोर्डमध्ये इनपुटचं चिन्ह ‘पीसी’ करा. ही पायरी बहुतेक जण विसरतात. नुसतं नाव बदलून भागत नाही, चिन्हच बदलायला हवं, नाहीतर आरजीबी आत येऊनही टीव्ही रंग पातळ करतो. एन्व्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये आउटपुट आरजीबी, रेंज ‘फुल’.

उरलेली झाक पॅनेलची. पिक्सेलमध्ये लाल, पांढरा, निळा, हिरवा असे चार भाग असतात, तर विंडोजचं अक्षरं गुळगुळीत करणारं क्लिअरटाइप लाल-हिरवा-निळा धरून चालतं. ते जुळवायचं ‘सीटीट्यून’ (cttune) चालवून सगळ्यात कमी रंगीत नमुना निवडा किंवा क्लिअरटाइप बंद करून पाहा. विंडोजचं स्केल १२५ टक्के. पूर्ण जाणार नाही.

सावलीतला
मंदावणं हा बिघाड नाही. चित्र बराच वेळ बदललं नाही तर पॅनेल वाचवायला टीव्ही उजेड उतरवतो. माउस हलवून तो परत येत नाही, खिडकी बदलली की येतो. पांढरी खिडकी मोठी केल्याकेल्या उजेड उतरतो ते वेगळं, ती विजेची मर्यादा. दोन्हींवर उपाय एकच: पिक्सेल ब्राइटनेस ३०-४० वर आणा, एनर्जी सेव्हिंग बंद, एक्सेलला डार्क थीम. उजेड मुळातच कमी असला की चढउतार डोळ्यांत येत नाही. सर्व्हिस मेनूतून हे बंद करायचे व्हिडिओ सापडतील. वॉरंटीत असताना तिकडे जाऊ नका.

बर्न-इनसाठी: टास्कबार आपोआप लपवा, वॉलपेपर काळा, स्क्रीन पाच मिनिटांत बंद, स्क्रीन शिफ्ट (चित्र अधूनमधून किंचित सरकवणं) चालू. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भिंतीवरचं बटण बंद करू नका. आपल्याकडे रात्री स्विच बंद करायची सवय असते, तीच इथे नडते. एकूण चार तास चालल्यावर टीव्ही स्टँडबायमध्ये पिक्सेलची सफाई करतो. रिमोटने बंद केल्यावर थोड्या वेळाने आतून ‘टक्’ ऐकू येतं, ते हेच. मेन्यूतलं मोठं पिक्सेल क्लीनिंग मात्र उगाच दर आठवड्याला चालवू नका, त्यानेही पॅनेल झिजतं.

टेबलखुर्ची
४२० च दाखवतंय. केबल मागवली. पीसी झोपला तरी टीव्ही ‘नो सिग्नल’ दाखवत बसतो, त्याचं?

तारजोडणी
टीव्ही मॉनिटरसारखा झोपत नाही. ‘एलजी टीव्ही कम्पॅनियन’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाका. ते घरच्या नेटवर्कवरून पीसीबरोबर टीव्ही चालू-बंद करतं. टीव्हीत नेटवर्कवरून चालू करायची परवानगी द्या आणि राउटरमध्ये टीव्हीचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, पक्का करा.

६० सेंमीचं टेबल मात्र अपुरं. पडदा ९३ सेंमी रुंद, डोळ्यांपासून ८०-१०० सेंमी हवा. स्टँड काढून भिंतीला लावा, टेबल थोडं पुढे ओढा. टेबलाला जोडायचा आर्म घेणार असाल तर आधी मागची भोकं मोजा, बऱ्याच मॉनिटर आर्मची पट्टी १००×१०० मिमीची असते आणि टीव्हीची भोकं त्याहून लांब.