गाठीच्या आकारापेक्षा जागा बघा
गर्भाशयातल्या फायब्रॉइडबद्दल (कर्करोगाची नसलेली गाठ) ‘गाठ ५ सेंटिमीटरची, म्हणजे गर्भपिशवी काढावीच लागणार’ असं कुणी म्हटलं, तर ते मला अजिबात पटत नाही. गाठ कुठे आहे हे आधी बघायला हवं. पिशवीच्या आतल्या पोकळीत डोकावणारी दीड-दोन सेंटिमीटरची गाठसुद्धा पाळीत गुठळ्या पाडून हिमोग्लोबिन ७-८ वर आणू शकते; बाहेरच्या अंगाची ६ सेंटिमीटरची गाठ वर्षानुवर्षं गप्प बसू शकते. म्हणून सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये सबम्युकस (आतल्या पोकळीकडची), इंट्राम्युरल (पिशवीच्या भिंतीतली) की सबसिरस (बाहेरच्या अंगाची) हे लिहिलंय का ते बघा, नसेल तर विचारून घ्या. आतली छोटी गाठ बहुतेक वेळा हिस्टेरोस्कोपीने, म्हणजे योनीमार्गातून दुर्बीण घालून, पोटावर छेद न घेता काढता येते, पिशवी शाबूत राहते.

आणि गाठ आकसवणारी इंजेक्शनं थांबवली की काही महिन्यांत ती पुन्हा वाढते. शस्त्रक्रियेआधी रक्तस्राव थांबवून हिमोग्लोबिन भरून काढायला मात्र ती फार उपयोगी, सोबत लोहाच्या गोळ्या हव्यातच.