रबर प्लँट : शेंडा छाटण्याआधी गुटी कलम

छताला टेकलेल्या रबर प्लँटचा शेंडा छाटून मुळे फुटण्यासाठी पाण्याच्या बाटलीत ठेवावा, असा सल्ला दिला जातो. छाटणी हवीच, हे मान्य. परंतु जाड, काष्ठमय शेंडा पाण्यात मुळे धरेपर्यंत बरेचदा पाने गाळतो किंवा बुडाशी कुजतो, म्हणून आधी गुटी कलम (शेंडा झाडावर असतानाच त्याला मुळे फोडण्याची पद्धत) बांधावे आणि मगच कात्री लावावी, असा माझा आग्रह आहे. जिथून शेंडा वेगळा करायचा, तिथे पेराच्या (पान जिथून फुटते त्या सांध्याच्या) किंचित खाली सालीची दोन-अडीच सेंटिमीटर रुंद पट्टी खोडाभोवती गोल काढावी, आतला बुळबुळीत थर पूर्ण खरवडावा (तो राहिला तर साल पुन्हा जुळून येते), पांढरा चीक ओल्या फडक्याने टिपावा आणि भिजवून घट्ट पिळलेले शेवाळ (मॉस) लावून त्यावर प्लास्टिक दोन्ही टोकांना आवळून बांधावे. लाकडातून वर चढणारे पाणी चालूच राहते, पण पानांनी तयार केलेले अन्न सालीतून खाली उतरताना वरच्या कडेशी अडते आणि मुळे तिथेच फुटतात. पावसाळ्याच्या तोंडावर बांधल्यास साधारण दीड-दोन महिन्यांत ती प्लास्टिकमधून दिसू लागतात. मग त्यांच्या खाली कापून शेंडा कुंडीत लावावा.

नुसते पान देठासह लावूनही झाड होते का, याबद्दल एवढेच, की त्याला मुळे येतात आणि ते कित्येक महिने हिरवेही राहते, पण पानाच्या बगलेतला डोळा (जिथून नवा कोंब फुटतो तो) खोडाच्या तुकड्यासह घेतला नसेल तर त्यातून नवे झाड उभे राहत नाही.