शब्दचर्चा: नदीचं पाणी ‘स्वच्छ’ की ‘स्नानयोग्य’?

गोदाकाठची:
मंडळी, शब्दांची मदत हवी आहे. नाशकात गोदावरीच्या पाण्याचे नमुने तपासणाऱ्या एका छोट्या गटाच्या अहवालाचं मी मराठी करते आहे. पाणी दोन अंगांनी तपासलंय. माणसांनी त्यात उतरावं का, पोहावं का, नाव घालावी का, हे एक. आणि मासे, गोगलगायी, किडे, पाणवनस्पती त्यात तगतील का, हे दुसरं. हाती आलेल्या कच्च्या मसुद्यात याला ‘मनोरंजनात्मक वापर व जलीय जीवन यांकरिता जल गुणवत्तेचे मूल्यांकन’ म्हटलंय. वाचून तमाशाचा फड रामकुंडात उतरल्यासारखं वाटतं. शिवाय सिंहस्थाच्या आधी घाटावर लावायला दोन ओळींचा फलकही करायचा आहे. स्वच्छ, शुद्ध, निर्मळ, नितळ, योग्य यांतला कुठला शब्द कुठे बसतो?

पंचवटीकर:
आधी ‘मनोरंजन’ खोडा. गंगेवर (बाहेरच्यांसाठी: नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात) कोणी मनोरंजनाला जात नाही. डुंबायला जातात, पोहायला जातात, मुटका मारायला जातात.

शब्दवेडा:
‘जलक्रीडा’ कसा वाटतो?

पंचवटीकर:
राजाराणीचा. गांधी तलावात पोहायला शिकणाऱ्या पोराला विचारा काय करतोस म्हणून. तो ‘जलक्रीडा’ म्हणाला तर मी मिशी उतरवतो.

जुना रसायनी:
पाणी तपासण्याच्या कामात बरीच वर्षं होतो, म्हणून जरा लांबण लावतो. ताई, तुमचा घोळ ‘मनोरंजना’ने होणार नाही, ‘स्वच्छ’ने होईल. ‘कशासाठी?’ हे तो शब्द विचारतच नाही, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची वर्गवारी नेमकी तेवढंच विचारते. नदीच्या एखाद्या भागाचे जे वापर असतील, त्यांतल्या सगळ्यांत चोखंदळ वापराला ते पाणी पुरतं का, हे पाहायचं. अ वर्गाचं पाणी नुसतं निर्जंतुक करून पिता येतं. ब वर्ग उघड्यावरच्या स्नानाचा. क म्हणजे रीतसर शुद्धीकरण करून प्यायचं. ड वन्यजीवांसाठी आणि माशांसाठी. इ शेतीला, कारखान्यातल्या यंत्रांना थंड ठेवायला वगैरे.

आता ब आणि ड शेजारी ठेवून बघा. ब वर्गाला विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे निदान 5 मिलिग्रॅम हवा, बीओडी (घाण कुजवताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन) 3 मिलिग्रॅमच्या आत, सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) 6.5 ते 8.5 आणि एकूण कोलिफॉर्म जंतू 100 मिलिलिटरमागे 500 पर्यंत. ड वर्गाला ऑक्सिजन 4 चालतो, सामू तोच, आणि मुक्त अमोनिया लिटरमागे 1.2 मिलिग्रॅमच्या वर नको. संपली यादी. ड मध्ये कोलिफॉर्मचं नाव नाही, कारण आपल्या आतड्यातल्या जंतूंनी माशाला हगवण लागत नाही. ब मध्ये अमोनियाचं नाव नाही. म्हणजे मासे सुखात असलेलं पाणी तुमच्या पोटाला बाधू शकतं. उलटंही होतं: क्लोरीन घातलेलं नळाचं पाणी आपण बिनघोर पितो, पण काचपेटीतला मासा त्यात थेट सोडलात तर तो मरतो. दोन्ही पाण्यांना ‘स्वच्छ’ म्हणायला भाषेची हरकत नाही, आणि म्हणूनच तो शब्द फलकावर नको. ‘स्नानयोग्य’ म्हणा, ‘मासे जगण्याजोगं’ म्हणा. शब्दातच वापर आला पाहिजे.

द्राक्षबागवाला:
इ वर्ग आमचा. बागायतदार पाण्याला चांगलं-वाईट म्हणत नाही, ‘सामू किती, ईसी (क्षारांमुळे येणारी विद्युतवाहकता) किती’ विचारतो. सामू हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी पक्का बसलाय, तुम्ही खुशाल वापरा. पीएच लिहिलंत तरी कळेल म्हणा.

गोदाकाठची:
रसायनीकाका, कोलिफॉर्मचा आकडा एका ठिकाणी 500 आणि दुसरीकडे 2500 दिलाय. खरा कुठला?

जुना रसायनी:
दोन्ही. स्नानाच्या पाण्याचे निकष 2000 साली अधिसूचित झाले, त्यांत मोजमाप विष्ठेतून येणाऱ्या कोलिफॉर्मचं आहे. 100 मिलिलिटरमागे 500 हे ‘इष्ट’, 2500 ही ‘कमाल’ मर्यादा. बातम्यांत सरसकट ‘मर्यादा’ लिहितात आणि मग एकच नमुना एका वर्तमानपत्रात पास होतो, दुसऱ्यात नापास. ‘इष्ट मर्यादा’ आणि ‘कमाल मर्यादा’ असे दोन शब्द वेगळे ठेवा. आणि मी वर दिलेला 500 ‘एकूण’ कोलिफॉर्मचा, त्यात मातीतले जंतूही येतात. त्याची गल्लत यांच्याशी करू नका.

शब्दवेडा:
‘शुद्ध’ आणि ‘पवित्र’ यांबद्दल कोणीच बोलेना, म्हणून मी. रामकुंडाला अस्थिविलय तीर्थ म्हणतात, तिथल्या पाण्यात अस्थी विरघळतात अशी श्रद्धा आहे. तिथे ‘अशुद्ध’ लिहिलेला फलक लागला की भांडण ठरलेलं. श्रद्धेने पाणी पवित्र असणं आणि तपासणीत ते स्नानाला अयोग्य निघणं या दोन गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात, पण ‘शुद्ध-अशुद्ध’ हा शब्द दोन्हींकडे पाय देऊन उभा आहे. तो टाळलेला बरा. बाकी ‘तीर्थ’ मुळात उताराची, नदीत उतरायची जागा. म्हणजे माणसाचा पाण्याशी संपर्क कुठे येतो, एवढंच तो शब्द सांगत होता!

कऱ्हाडची मास्तरीण:
निर्मळ, नितळ, निवळ यांकडे वळते. हे तिन्ही एकच समजून वापरले जातात, ते तसे नाहीत. ‘नितळ’ म्हणजे तळ दिसतो असं; डोळ्यांनी ठरवायचा गुण. ‘निवळ’ हे गढूळ असून नंतर साफ झालेलं. त्यात काळ गेलाय, गाळ खाली बसलाय. म्हणून तर भांडण निवळतं, आभाळ निवळतं, पण भांडण ‘नितळत’ नाही. ‘निर्मळ’ ज्यात मळ नाही ते. मनाला लागतो, झऱ्याला लागतो, पण मोजता येत नाही.

आणि गढूळ म्हणजे घाण नव्हे, हेही कुठेतरी लिहा. आषाढातलं तांबडं पाणी डोंगरावरची माती घेऊन येतं. मार्चमधलं हिरवट, संथ पाणी कधी कधी त्याहून नितळ दिसतं आणि त्यात सांडपाणी जास्त असतं.

जुना रसायनी:
मास्तरीणबाई, गढूळपणाला अगदीच माफ करू नका. पुराच्या पहिल्या पाण्यात काठावरचा सगळा उकिरडाही येतो. आणि गाळाने माशांची अंडी दबतात, कल्ले चोंदतात.

कऱ्हाडची मास्तरीण:
मान्य. ‘गढूळ म्हणजे घाणच असं नव्हे’ असं करा.

मूळ कोकणी, सध्या सातपूर:
निवळवरून आठवलं. आमच्याकडे पाण्यावर भिरभिरणाऱ्या किड्याला निवळी म्हणतात, पाणनिवळीही म्हणतात. ती गिळली की पोहता येतं असं मोठी पोरं लहान पोरांना सांगायची. कित्येकांनी गिळल्यात. पोहायला आलं ते त्यानंतर पाण्यात ढकललं म्हणून.

कऱ्हाडची मास्तरीण:
वा! आणि दुसरी निवळी झाडाची. तिचं बी उगाळून गढूळ पाण्यात टाकलं की गाळ तळाला बसतो. संस्कृतात त्या झाडाला कतक म्हणतात. एक जुना श्लोकच आहे: कतकाचं फळ पाणी निवळतं खरं, पण त्याचं नुसतं नाव घेऊन पाणी निवळत नाही.

पंचवटीकर:
हा श्लोक आमच्या नासर्डीच्या पुलावर लावा. तिचं ‘नंदिनी’ केलंय. वाघाडीला ‘वरुणा’ म्हणतात. नावं देखणी आहेत. दोन्हींतून येणारं सांडपाणी मात्र गंगेला त्याच वासानं मिळतं.

गोदाकाठची:
हाहा, नोंद घेतली. आता दुसरी अडचण. ‘जलीय जीवन’ला काय करू? ‘जलजीवन’ करावं का?

शब्दवेडा:
नका करू. 2019 पासून ‘जल जीवन’ म्हटलं की खेड्यातल्या माणसाला नळजोडणी आठवते. शिवाय ‘जीवन’ म्हणजेच पाणी, तेव्हा ‘जलजीवन’ म्हणजे पाणीपाणी झालं. ‘जलचर’ म्हणा.

जुना रसायनी:
जलचर म्हणजे पाण्यात फिरणारे. शेवाळ, पाणवेली, तळातल्या वनस्पती त्यात कशा येणार? ‘पाण्यातली जीवसृष्टी’ लांब आहे, पण खोटं नाही. अहवालात तो घ्या आणि फलकावर सरळ ‘मासे’ लिहा. लोकांना मासा कळतो.

मासेमार घरातला:
मासा कळतो, पण कुठला मासा? चिलापी (तिलापिया) आणि मांगूर कमी ऑक्सिजनलाही तग धरतात. मांगूर तर वर येऊन हवा घेतो. काठावरच्या माणसाला चिलापी उड्या मारताना दिसली की तो म्हणतो, पाणी झकास आहे. ‘मासे आहेत’ म्हणजे ‘पाणी माशांना योग्य आहे’ असं नाही. जाळ्यात किती जातींचे मासे येतात ते बघावं. सगळं चिलापीच निघायला लागलं की समजायचं.

दुसरं: सकाळी उजाडायच्या आत मासे पृष्ठभागावर तोंडं काढून धापा टाकतात. काहीजणांना वाटतं खेळतायत. ते गुदमरत असतात.

जुना रसायनी:
शंभर टक्के. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर सगळ्यांबरोबर तेही श्वसनात वापरतं, त्यामुळे पहाटे आकडा तळ गाठतो. दुपारी दोनला नमुना घेतला तर ड वर्ग सहज पार, पहाटे पाचला घेतला तर मासे मरायच्या बेतात. त्यात उन्हाळा. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. मेमध्ये मुळात मावतंच कमी, वर सांडपाणी खाणार. दुपारी शेवाळामुळे सामू चढतो, आणि सामू चढला की त्याच अमोनियातला विषारी ‘मुक्त’ भाग वाढतो. म्हणजे पहाटे ऑक्सिजनची चणचण आणि दुपारी अमोनियाचा जाच. माशाला सुट्टी नाही.

शब्दवेडा:
‘विरघळलेला ऑक्सिजन’ की ‘विद्राव्य ऑक्सिजन’? अहवालांत दुसरा दिसतो.

कऱ्हाडची मास्तरीण:
विद्राव्य म्हणजे विरघळू शकणारा. साखर डब्यात असतानाही विद्राव्यच असते. पाण्यात आधीच उतरलेला तो विरघळलेला. मोजता ते हेच.

गोदाकाठची:
आणि बीओडी? मसुद्यात ‘जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी’ आहे. गटातल्या एकाने वाचून विचारलं, मागणी जास्त म्हणजे चांगलंच ना?

पंचवटीकर:
लग्नाच्या बाजारात चांगलंच!

जुना रसायनी:
हाच तर धोका. डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) जास्त तर चांगला, बीओडी जास्त तर वाईट, आणि दोन्हींत ‘ऑक्सिजन’. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन खातील त्याचं माप. आपल्याकडे 27 अंशांवर 3 दिवस बाटली ठेवून काढतात. मी शिकवताना ‘भूक’ म्हणायचो. ‘पाण्याची ऑक्सिजनची भूक’. भूक जास्त तर माशांच्या वाट्याला कमी, हे कोणालाही समजतं. अहवालात बीओडीच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे कंसात ‘ऑक्सिजनची भूक’ लिहा. प्रदूषित नदीपट्टे ठरतात तेही याच भुकेवर: बीओडी 3 च्या वर गेला की पट्टा यादीत. 2018 च्या यादीत देशभरात 351 पट्टे होते, सगळ्यांत जास्त 53 आपल्या महाराष्ट्रातले.

शब्दवेडा:
3 हा तर स्नानाचाच आकडा! म्हणजे ‘प्रदूषित’चा सरकारी अर्थ ‘अंघोळीला नालायक’ असा झाला. माशांचा विचार त्यात नाही.

जुना रसायनी:
थेट नाही. बरोबर पकडलंत.

पंचवटीकर:
ताई, फलकाचं सांगतो. नाशिककराला पूर किती आला हे आकड्यात सांगावं लागत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी, एवढं म्हटलं की गावभर कळतं. पाण्याच्या गुणाला असा मारुती नाही. म्हणून फलकावर ‘गुणवत्ता: मध्यम’ लिहू नका. मध्यम म्हणजे पाय धुवायचे की डोकं बुडवायचं? तेच लिहा.

गोदाकाठची:
मग असं करते: ‘आज हे पाणी डोकं बुडवून अंघोळीस योग्य नाही. तोंडात, डोळ्यांत जाऊ देऊ नका. माशांना ऑक्सिजन पुरेसा आहे.’ चालेल?

कऱ्हाडची मास्तरीण:
‘अंघोळीस’ आणि ‘नका’ शेजारी खटकतात. ‘अंघोळीला’ करा. बाकी छान.

जुना रसायनी:
‘आज’ काढा. जंतूंच्या तपासणीचा निकाल हाती यायला दिवस लागतात, तोवर धरणातून पाणी सोडलं असलं किंवा वळीव पडला असला तर नदी बदललेली असते. नमुन्याची तारीख, वेळ आणि जागा लिहा. सोमेश्वरचा नमुना तपोवनाबद्दल काही सांगत नाही, मधे अख्खं शहर येतं.

मासेमार घरातला:
आणि ऑक्सिजनची वेळ पहाटेची ठेवा. दुपारचा आकडा लिहून ‘पुरेसा आहे’ म्हणू नका.

गोदाकाठची:
ठेवते. शेवटचं: ‘नमुना घेतला’ की ‘नमुना काढला’? गटात यावरही दोन तट आहेत.

शब्दवेडा:
पाण्याचा घेतात, नकाशाचा काढतात.

द्राक्षबागवाला:
आमच्याकडे मातीचा काढतात आणि पाण्याचा भरतात. बाटली भरायची असते ना!