पिल्लांवरची मरळ धरणं बंद व्हावं का? धरणांवर गळवाल्यांनाही नियम हवेत

दारणाकाठ
पाऊस सुरू झाला की नाशिककडच्या गंगापूर, दारणा, मुकणे धरणांच्या फुगवट्यावरचे तेच ते व्हिडिओ फिरायला लागतात. काठालगत पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका, त्यात प्लॅस्टिकचा बेडूक पडतो आणि लगेच मरळ गळाला. खाली "नाद खुळा भाऊ"च्या ओळी. त्या वेळी मरळ भुकेपोटी झडप घालत नाही, पिल्लांजवळ आलेल्याला हाकलते. तिला उचललं की ती पिल्लं चिलापीच्या नाहीतर दुसऱ्या कुणाच्या तोंडी जातात. आपल्याला वाटतं एक मासा नेला. गेलेली असते अख्खी वीण.

माझं म्हणणं एवढंच की जून ते ऑगस्ट पिल्लांवरच्या मरळीला गळ टाकायचा नाही. खडशी (आपला दख्खनी महसीर) कधीही लागली तरी सोडायची. आणि हा नियम आधी आम्हा रॉडवाल्यांना लावा. समुद्रातल्या ५४ जातींना राज्याने २०२३ मध्ये किमान लांबी ठरवून दिली, पापलेट १३५ मिलिमीटरच्या आत धरायचं नाही. मग धरणातल्या मरळीने काय घोडं मारलंय?

रीळबहाद्दर
झालं, सापडले गळवाले! अहो, एका रॉडला दिवसाला मासे लागतात किती? निम्म्या वेळा आम्ही रिकाम्या हाताने घरी येतो आणि बायकोची बोलणी खातो. तिकडे बारीक आसाचं (बारीक भोकांचं) जाळं एका रात्रीत बोटभर पिल्लांसकट सगळं ओढून नेतं, ते दिसत नाही तुम्हाला. सुरुंग लावून आणि विष टाकून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. सव्वाशे वर्षांत ते तरी पुरतं थांबलं का? जुना नियम पाळून दाखवा, मग नवा सांगा.

आणि खडशीचं म्हणाल तर ती धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत आता 'कमी चिंतेच्या' वर्गात आहे. उगाच रडारड नको.

भोयाचा पोऱ्या
दादा, जाळ्याचं नाव निघालंच आहे तर ऐका. धरणाचा ठेका आमची संस्था भरते. बोटुकली (बोटभर वाढवलेली माशांची पिल्लं) विकत आणून आम्ही सोडतो. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून, थंडीवाऱ्यात रात्र काढून जाळं आम्ही राखतो. तुम्ही रविवारी गाडी काठाला लावता, आम्ही सोडलेला कटला ओढता, फोटो काढता आणि निघता. एक रुपया कुणाला देत नाही. त्यावर पुन्हा जाळेवाला चोर!

बारीक आस वापरणारे आमच्यातही आहेत, नाही म्हणत नाही. बाहेरून रात्री येऊन टाकणारे वेगळेच. पण मोठा मासा लागेनासा झाला की माणूस झिंग्यावर आणि बारक्यावर येतो.

दारणाकाठ दादांना एकच विचारतो. पुराचं पाणी आलं की जाळं टिकत नाही, लाकूडफाटा अडकून फाटतं. त्या दिवसांत काठाच्या गवतात मिळणारी मरळ हीच आमची कमाई. ती जिवंत राहते, जिवंतच विकली जाते, भाव चांगला येतो. कोकणातल्या बोटी १ जून ते ३१ जुलै बंद असतात, पण त्यांना बाकीचे दहा महिने अख्खा समुद्र आहे. आम्हाला ते तीन महिने कोण पोसणार?

चापडगावचा पाणपक्षी
दोन्हीकडचे आवाज चढायच्या आत एक विचारतो, वाचवायचं कुणाला आहे? कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. आपल्या बहुतेक धरणांत त्यांची पैदास स्वतःहून फारशी होत नाही, म्हणून तर दर वर्षी बोटुकली सोडावी लागते. त्यांच्यासाठी पावसाळी बंदी म्हणजे नुसता देखावा. त्यांना जाळ्याचा आस मोठा हवा, वाढायला वेळ हवा. मरळ, शिवडा, वाम, खडशी यांचं तसं नाही. त्यांची पुढची पिढी ती स्वतःच घडवतात, कुणी पिशवीतून आणून सोडत नाही.

दारणाकाठ, तुमचे महिनेही मला अर्धेच पटतात. खरी कत्तल होते एप्रिल-मेमध्ये. कालव्याला पाण्याची आवर्तनं सुटून धरण तळाला गेलेलं असतं, सगळे मासे उरल्या डबक्यात गोळा झालेले असतात. त्यात पाणी तापलेलं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. अशा पाण्यात दमवलेली खडशी फोटोसाठी हातात धरून "सोडली, सोडली" म्हणणाऱ्यांचं मला हसू येतं. डोळ्यांदेखत पोहत जाते खरी, पण पुढे जगतेच असं नाही. मरळ वरची हवा घेते, ती त्यातून निभावते. म्हणून दोघींना एकच नियम लावू नका. खडशीला उन्हाळ्यात गळच नको, सोडण्याच्या बोलीवरसुद्धा नको.

रीळबहाद्दर, 'कमी चिंता' ही त्या जातीच्या सगळ्या प्रदेशाची गोळाबेरीज आहे, गोदावरीच्या उगमाकडची मोजणी नव्हे. लोणावळ्याजवळ वळवणच्या केंद्रात खडशीची पिल्लं तयार करून देशभर सोडली गेली. त्यातली कावेरीत गेली, तिथे फोफावली आणि तिथलाच कुबड असलेला महसीर मागे पडला. आकडा वाढला म्हणजे नदी सुधारली असं नाही. खडशीला अंडी घालायला वाहतं पाणी आणि गोटे लागतात. गंगापूरच्या वर काश्यपी आणि गौतमी गोदावरी अशी आणखी दोन धरणं बसलीत. वर चढायला वाट उरली किती ती? ओढा जिथे धरणाला मिळतो, ती तोंडं जून-जुलैत सगळ्यांनाच बंद करा. जाळ्यालाही, गळालाही.

रीळबहाद्दर
म्हणजे मेमध्ये पाणी गरम म्हणून बंद, जूनमध्ये पिल्लं म्हणून बंद, ओढ्याच्या तोंडाशी तर उभंच राहायचं नाही. रॉड विकून कॅरम घेतो.

पंचवटीकर ताई
मी गळवाली नाही न जाळेवाली, विकत घेणारी. बाजारात वीतभर मरळही टोपलीत वळवळत असते आणि लोक घेतात, कारण स्वस्त पडते. किमान लांबीचा नियम काठावर कोण मोजणार? विक्रीच्या ओट्यावर मोजा. रात्री धरणावर माणूस पाठवण्यापेक्षा ते सोपं आहे.

रीळबहाद्दर
ताईंचं मात्र पटलं. यात आमचं काही जात नाही म्हणून असेल.

दारणाकाठ
पाणपक्षी, उन्हाळ्यातली खडशी मी यादीत घेतो. पण महिने सरकवून पिल्लांवरच्या मरळीचा प्रश्न सुटत नाही, ती मेमध्ये पिल्लं घेऊन फिरत नाही.

शिवाय प्रत्येक गोष्टीला सरकारी कागद लागतोच असंही नाही. वैतरणा आपल्याच त्र्यंबकच्या डोंगरातून निघते. तीच खाली वाडा तालुक्यात तिळशाच्या देवळापाशी जाते, तिथे महसीर घाटाशी येतात आणि त्यांना कुणी हात लावत नाही.

रीळबहाद्दर
तिळसं देवाचं आहे हो. धरण ठेक्याचं आहे.

दारणाकाठ
मग ठेकेदारालाच विचारतो. भाऊ, संस्थेने गळवाल्यांना दिवसाचा पास दिला तर? पैसे बोटुकलीला आणि काठावरच्या राखणीला. राखणदार तुमचीच पोरं. पासवर अट एकच: पिल्लांवर गळ टाकताना दिसला की रॉड जमा.

भोयाचा पोऱ्या
पासाचं चालेल, संस्थेच्या बैठकीत मांडतो. पण रॉड जमा करायला गेलेल्या पोराला गाडीवाल्यांनी मारलं तर कोण येणार? त्याचं उत्तर आधी द्या. आणि तुमच्या गळाला बंदी असली तरी जूनमध्ये आमच्या जाळ्यात आलेली मरळ आम्ही सोडणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.