‘कायनेटिक्स’ला मराठीत काय म्हणायचं : गतिकी, वेग की आणखी काही?

मूळ प्रश्न

मंडळी, एक शब्द अडलाय. आमच्या कारखान्यात पाणी शुद्धीकरणाला लागणारं पॉलीडॅडमॅक बनतं आणि शिफ्टमधल्या पोरांसाठी मी चार पानं मराठीत लिहायला घेतलीयेत. एक अख्खा भाग आहे पाण्यात विरघळणाऱ्या कॅटायनिक पॉलिमरच्या पॉलिमरायझेशन कायनेटिक्सचा, म्हणजे छोटे रेणू जोडून धनभाराची लांब साखळी किती वेगानं बनते आणि का, याचा. कोशातले शब्द जोडले तर मथळा होतो ‘जलविद्राव्य धनायनी बहुवारिकांच्या बहुवारिकीकरणाची गतिकी’. हा वाचून रिअ‍ॅक्टरवरचा माणूस पुढे वाचणारच नाही, आणि नुसतं इंग्रजी देवनागरीत लिहून मोकळं व्हायचं हे मला पटत नाही. काय करू?

उत्तर

दादा, ‘बहुवारिक’ मात्र टाकू नका. शाळेच्या पुस्तकात एकवारिक, बहुवारिक असंच आहे, त्यामुळे पोरांच्या कानावरून गेलेलं असणार. ‘पॉलिमर’ शब्द बर्झेलियसने १८३३ मध्ये ग्रीकवरून केला, मेरोस म्हणजे भाग, म्हणजे तिकडे ‘पुष्कळ भाग’ असा अर्थ. आपल्या शब्दातला ‘वार’ मला वारंवार मधला वाटतो, खेप. तोच तुकडा पुन्हा पुन्हा येऊन लागतो हे आपला शब्द जास्त नीट सांगतो. ‘धनायन’चंही तसंच, कॅटायनचा मूळ अर्थ ‘खाली जाणारा’, फॅरडेच्या १८३४ च्या लिखाणातला, त्यावरून भार काही कळत नाही, धनायन म्हटलं की लगेच कळतो. आणि इथे सगळा खेळ त्या भाराचाच आहे ना, गढूळ पाण्यातले मातीचे कण ऋणभाराचे असतात म्हणून तर एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात, धनभाराची साखळी आली की गोळा होऊन तळाला बसतात.

उत्तर

मी बरीच वर्षं ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. ‘गतिकी’ लिहिलं की मुलांच्या डोळ्यांपुढे चेंडू आणि उतरण येते. इथे कुणी इकडून तिकडे जात नाही, किती वेळात किती मोनोमर, म्हणजे साखळीत जोडला जाणारा सुटा रेणू, संपला एवढंच बघायचं. दहावीच्या पुस्तकात ‘अभिक्रियेचा दर’ आहे, पण कारखान्यात दर म्हणजे भाव, म्हणून मी ‘वेग’ म्हणेन.

मूळ प्रश्नकर्ता

सर, वेग छान आहे पण पुरत नाही हो. कायनेटिक्समध्ये वेग किती एवढंच नसतं, तो तेवढाच का हेही असतं. साखळी सुरू करून देणारं पर्सल्फेट चौपट टाकलं तर वेग चौपट होईल असं नवीन पोराला वाटतं, तर साध्या हिशोबात तो फक्त दुप्पट होतो आणि वर साखळीची लांबी निम्मी होते, कारण साखळ्या जास्त सुरू झाल्या की एकमेकींना भेटून संपतातही लवकर. डॅडमॅक या आमच्या मोनोमरमध्ये तर आणखी गंमत, वाढणारं टोक धनभाराचं, लागायला येणारा मोनोमरही धनभाराचा, दोघं एकमेकांना ढकलणार. मीठ घातलं की ते ढकलणं झाकलं जातं आणि वेग वाढतो. आणि मोनोमर स्वतःच एक मीठ आहे, म्हणून तो दुप्पट केला की वेग दुपटीहून जास्त वाढतो. हे सगळं एका ‘वेग’ शब्दात कसं बसवू?

उत्तर

मग एका शब्दात बसवूच नका की. ‘साखळीचा वेग आणि टप्पे’ असं लिहा. टप्प्यांना कोशात आरंभण, प्रसारण, समापन असतं, त्यातलं प्रसारण म्हटलं की मला थेट आकाशवाणी आठवते. सुरुवात, वाढ, शेवट. झालं. पण चेन ट्रान्सफरला काय लिहिताय? ‘साखळी स्थानांतरण’ कुठे दिसलं तर घेऊ नका, साखळी कुठे जातच नाही.

उत्तर

दादा, चेन ट्रान्सफरला ‘खो’ म्हणा! मी मनापासून सांगतोय. धावणारा गडी बसलेल्याच्या पाठीवर खो देतो, स्वतः त्याच्या जागी बसतो आणि तो उठून धावतो. वाढणारी साखळी दुसऱ्या रेणूचा हायड्रोजन घेते, स्वतः थांबते आणि तो रेणू रॅडिकल (एक इलेक्ट्रॉन जोडीविना उरलेला, म्हणून लगेच जोडू पाहणारा) होऊन पुढे जातो, अगदी तेच. अ‍ॅलिल गटाच्या, म्हणजे टोकाला दुहेरी बंध असलेला तीन कार्बनचा हात असलेल्या, मोनोमरमध्ये काय होतं तर खो मिळालेला गडी उठतो पण पळतच नाही, तो रॅडिकल इतका सुस्त की जागीच रेंगाळतो, म्हणून साध्या अ‍ॅलिल मोनोमरच्या लांब साखळ्या होत नाहीत. डॅडमॅकला दोन अ‍ॅलिल हात असतात, एक हात लागला की दुसरा वळून पाच अणूंचं कडं बंद करतो आणि साखळी पुढे सरकते. हे कडं करत वाढणं अमेरिकेत जॉर्ज बटलर यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिलं. तरी खो बसतातच.

मूळ प्रश्नकर्ता

खो घेतला! मथळा आता ‘धनभारी पॉलिमरची साखळी : वेग, टप्पे आणि खो’. ‘बहुवारिक’ आत पहिल्याच ओळीत अर्थासकट येईल.

एक शब्द राहिला होता, इंडक्शन पिरियड. पर्सल्फेट पडल्यावर टेंपरेचर लगेच चढत नाही, पाण्यात ऑक्सिजन उरला असेल तर तो आधी रॅडिकल खातो, तो हाकलायला नायट्रोजन नीट सोडला नसेल तर ताटकळत बसावं लागतं. कोशात ‘प्रवर्तन काल’ आहे. काल रात्रपाळीला आमचे एक जुने ऑपरेटर काका काचेतून बघत उभे होते, त्यांना विचारलं की याला तुम्ही काय म्हणता. ते काट्यावरची नजर न हलवता म्हणाले, ‘अजून पकडली नाही.’ पाचेक मिनिटांनी काटा हलला, ढवळणीचा आवाज जड झाला, तेव्हा म्हणाले, ‘पकडली.’ तर ‘पकडेपर्यंतचा वेळ’ असंच छापतोय.