ऊसतोड महिलांशी लैंगिक आरोग्याविषयी बोलायचे कसे?

कडुलिंब: मी बीड जिल्ह्यातल्या एका लहान गटात काम करते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघण्यापूर्वी आम्ही महिलांच्या बैठका घेतो. गेल्या वर्षी गर्भाशयाचे चित्र लावून तासभर समजावून सांगितले, बायका तोंडाला पदर लावून बसल्या आणि शेवटी एकीने विचारले, "ताई, पिशवी काढली की हे सगळे मिटते ना?" २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीला जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली होती, त्यामुळे हा प्रश्न भाबडा म्हणून सोडून देता येत नाही. सासवा समोर असताना संसर्ग, निरोध, नवऱ्याचे उपचार हे विषय कसे काढावेत?

निवृत्त परिचारिका: चित्र नंतर लावा. "लैंगिक" हा शब्द ऐकला की बायका गप्प होतात, पण "अंगावरून पांढरे जाते का" असे विचारले की एकेक बोलू लागते. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या १९८९ च्या गडचिरोलीतल्या अभ्यासात दोन गावांतल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, पण पूर्वी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. दोन पाळ्यांच्या मध्यावर पातळ, वास नसलेले पाणी जाणे नेहमीचे असते. खाज, दुर्गंधी किंवा ओटीपोटात कळ असेल तर तपासून घ्यावे आणि त्यातले बहुतेक आजार गोळ्यांनी बरे होतात, एवढे आधी सांगा. सासवांना बाहेर बसवू नका. पस्तिशीत पिशवी काढलेल्या एका सासूबाईंनीच माझ्या बैठकीत सुनेला सांगितले, "तेव्हापासून अंगाची आग होते, मोळी उचलवत नाही." माझ्या भाषणाने तेवढे झाले नसते.

फडावरचा: माझे आईवडील ऊस तोडत, म्हणून थोडे कडवट लिहितो. "स्वच्छता राखा" हे वाक्य कृपया वगळा. उसाच्या फडात आडोसा नसतो, राहायच्या कोपीजवळ (झोपडीजवळ) पाणी नसते, आणि उचल (हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम) जोडप्याच्या, म्हणजे एका कोयत्याच्या नावावर असल्याने पाळीत बाई घरी राहिली की टोळी नेणारा मुकादम खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, लावतो. आईने पिशवी काढली ती अज्ञानापोटी नव्हे, तर हंगामातले खाडे मोजून. मुकादमांशी कोणी बोलणार आहे का?

दवाखान्यातली: नवऱ्याच्या उपचारांबाबत एक भर घालते. ट्रायकोमोनाससारखा, शरीरसंबंधातून लागणारा संसर्ग असेल तर दोघांनीही औषध घ्यावे लागते, नाहीतर बाईला तो पुन्हा होतो आणि तिला वाटते की गोळ्यांचा उपयोगच नाही. पिशवी काढण्याची वाट बहुधा इथूनच सुरू होते. "तुझा नवरा बाहेर जातो" असा सूर लागला की घरात भांडण होते, म्हणून मी "दोघांचा कोर्स" एवढेच म्हणते. सरकारी केंद्रांत औषधांचे योनीस्रावासाठी हिरवे आणि ओटीपोटाच्या दुखण्यासाठी पिवळे पाकीट असते. वाचता न येणाऱ्या बायकाही रंग लक्षात ठेवतात. कारखान्याच्या परिसरातल्या आरोग्य केंद्राचे नाव मात्र निघण्यापूर्वीच लिहून द्या.

कडुलिंब: खाड्याचा हिशेब मी बैठकीत कधी विचारलाच नव्हता. मुकादमांशी गावात बोलावे की कारखान्याजवळच्या तळावर?

फडावरचा: गावात, आणि तेही उचल वाटण्याआधी. उचल हातात पडल्यावर अटींवर बोलायला कोणी थांबत नाही.